दम्याचा पंप, खाजेची गोळी, क्षयाचं औषध: कोण कोणत्या गटात?

प्रश्न: आमच्या सासूबाईंना जुना दमा आहे. त्यांच्या औषधांच्या डब्यात दोन पंप, नाकात मारायचा फवारा, रात्रीची एक गोळी आणि कफाची बाटली असते. माझी पुतणी फार्मसीला आहे. तिच्या पुस्तकात या सगळ्यांना ‘आर’ने सुरू होणारे क्रमांक दिले आहेत, पण क्षयाच्या औषधांना ‘जे’. क्षय तर फुफ्फुसांचाच आजार ना? मग हे गट कोण पाडतं, कशावरून पाडतं, आणि आमच्यासारख्या घरच्या माणसांनी त्यातून काय घ्यायचं?
— एक वाचक, कराड

उत्तर: क्षयाचा भाग आधी घेते, कारण गट पाडण्याची सगळी रीत तिथे उघड दिसते.

पुतणीच्या पुस्तकातले क्रमांक ‘एटीसी’ नावाच्या पद्धतीतले आहेत. औषध शरीराच्या कोणत्या संस्थेवर चालतं, कशासाठी देतात आणि रासायनिकदृष्ट्या ते कोणाच्या जवळचं, हे त्यात पायरीपायरीने पाहतात. मुख्य गट चौदा, प्रत्येकाला एक अक्षर. पचनसंस्था ‘ए’, हृदय आणि रक्तवाहिन्या ‘सी’, त्वचा ‘डी’, मज्जासंस्था ‘एन’, श्वसनसंस्था ‘आर’. ‘जे’ हा गट मात्र अवयवाचा नसून जंतूंचा आहे. रिफॅम्पिसिन क्षयाच्या जंतूला मारतं. तो जंतू फुफ्फुसात असो, मानेच्या गाठीत असो की मणक्यात, औषध तेच. म्हणून ते ‘जे ०४’मध्ये गेलं. न्यूमोनियावरची बहुतेक प्रतिजैविकं ‘जे ०१’मध्ये आणि फ्लूची लस ‘जे ०७’मध्ये आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगावरची औषधं ‘एल’मध्ये जातात. आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्याच्या सिलिंडरसाठी नातेवाईक रात्र रात्र फिरले, तो ऑक्सिजनही ‘आर’मध्ये नाही. वैद्यकीय वायू म्हणून त्याला ‘व्ही’ या संकीर्ण गटात ‘व्ही ०३ एएन ०१’ हा क्रमांक मिळाला आहे. फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढला की सिल्डेनाफिल देतात, पण त्याचा मुख्य वापर वेगळा असल्याने ते मूत्र व प्रजनन संस्थेच्या ‘जी’ गटातच राहिलं. म्हणजे तुमचा आजार कुठे आहे याच्याशी यादीला घेणंदेणं नाही. औषधाचा मुख्य उपयोग काय, एवढंच ती पाहते.

ही यादी डॉक्टरांना औषध निवडायला मदत व्हावी म्हणून जन्मलेली नाही, हेही लक्षात घ्या. १९६९ साली ऑस्लो इथे औषधांच्या वापरावर एक परिसंवाद झाला. एकाच औषधाची देशोदेशी वेगळी नावं, वेगळ्या ताकदीच्या गोळ्या. त्यामुळे कुठे कोणतं औषध किती खपतं याची तुलनाच करता येत नव्हती. युरोपातल्या औषध-बाजार संशोधकांची एक वर्गवारी आधीपासून होती. नॉर्वेच्या अभ्यासकांनी ती घेऊन तिला आणखी खालच्या पायऱ्या जोडल्या. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने तिची शिफारस केली, १९८२ मध्ये ऑस्लोत त्यासाठी केंद्र स्थापन झालं आणि १९९६ पासून ती जगभरासाठी झाली. नव्या औषधाला क्रमांक आजही ऑस्लोतूनच मिळतो.

त्याच केंद्राने ‘डीडीडी’ नावाचं एक माप ठरवलं आहे: मोठ्या माणसाला मुख्य आजारासाठी रोज साधारण किती औषध लागेल याचा धरून चाललेला आकडा. पंपाच्या साल्ब्युटामॉलसाठी तो ०.८ मिलिग्रॅम आहे, म्हणजे नेहमीच्या पंपाचे आठ पफ. पुतणीच्या पुस्तकात हा आकडा दिसला तर सासूबाईंनी रोज आठ पफ घ्यायचे असा अर्थ कृपा करून काढू नका. तो खप मोजण्याचा हिशेब आहे, कोणाच्याही प्रकृतीसाठी लिहिलेला डोस नव्हे.

आता ‘आर’ उघडू. नाकाची औषधं ०१, घशाची ०२, दमा आणि सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) यांची ०३, सर्दी-खोकल्याची ०५, ॲलर्जीवर पोटातून घ्यायची ०६, आणि उरलेली ०७. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसात सोडायचं सर्फॅक्टंट या शेवटच्या घरात आहे. मधला ०४ रिकामा आहे. बाजार संशोधकांच्या वर्गवारीत त्या जागी छातीला चोळायची मलमं बसतात. जागतिक यादीत त्यांना स्वतंत्र घर मिळालं नाही.

तुमच्या घरासाठी महत्त्वाचा आहे तो ‘आर ०३’. याचे चार भाग आहेत आणि ते ज्याने आखले त्याने फार विचार करून आखले, असं मला शिकवताना दर वेळी वाटतं. ‘ए’ आणि ‘बी’ या भागांत श्वासावाटे घ्यायची औषधं, ‘सी’ आणि ‘डी’मध्ये गोळी, सिरप किंवा इंजेक्शनने घ्यायची. ‘ए’ आणि ‘सी’मध्ये ॲड्रिनॅलिनच्या धर्तीवर काम करून श्वासनळ्या सैल करणारी औषधं, ‘बी’ आणि ‘डी’मध्ये बाकीची. त्यामुळे साल्ब्युटामॉल हे एकच औषध दोन ठिकाणी सापडतं. पंपातलं ‘आर ०३ एसी ०२’, गोळी-सिरपमधलं ‘आर ०३ सीसी ०२’.

एकाच औषधाला दोन क्रमांक कशाला, ते साल्ब्युटामॉलचा पंप आणि गोळ्यांची पट्टी शेजारी ठेवली की कळतं. पंपावर लिहिलेलं असतं, एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम. पट्टीवर लिहिलेलं असतं, एका गोळीत ४ मिलिग्रॅम. म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम, चाळीस पफांइतकं औषध एका गोळीत. पंपातलं औषध थेट श्वासनळीत उतरतं, म्हणून थोडं पुरतं आणि काही मिनिटांत गुण येतो. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर फिरून मग श्वासनळीपर्यंत पोचते. गुण यायला वेळ लागतो आणि वाटेत हात थरथरतात, छातीत धडधडतं. तरीही ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ असं अजून घराघरांत सांगितलं जातं, आणि त्या भीतीपोटी माणसं चाळीसपट औषध अंगात घेऊन कमी आराम पदरात पाडून घेतात. हा समज जायलाच हवा. पंप हा दम्यातला ‘शेवटचा उपाय’ नाही. उपचार सुरू होतो तोच पंपापासून.

इथवर यादी कामाला आली. पण घरच्या माणसाला सगळ्यात गरजेची असलेली गोष्ट ती सांगत नाही. दम्याचे पंप व्यवहारात दोन कामांचे असतात. एक धाप लागली की लगेच आराम देणारा. दुसरा श्वासनळीच्या आतली सूज रोज थोडी थोडी उतरवणारा, ज्याचा परिणाम लगेच जाणवत नाही. साल्ब्युटामॉल पहिल्या कामाचं. त्याचा असर चार ते सहा तास. साल्मेटेरॉलचा असर बारा तास टिकतो, पण ते सावकाश सुरू होतं, म्हणून धाप लागल्यावर उपयोगाचं नाही. यादीत मात्र दोघंही ‘आर ०३ एसी’ या एकाच घरात, कारण रासायनिक कूळ आणि काम करण्याची तऱ्हा एक. सूज उतरवणारी स्टेरॉइडं, म्हणजे बुडेसोनाइड, बेक्लोमेटासोन, फ्लुटिकासोन, ‘आर ०३ बीए’मध्ये. फॉर्मोटेरॉल आणि बुडेसोनाइड एकत्र असलेला पंप ‘आर ०३ एके ०७’. फॉर्मोटेरॉल लवकर सुरू होतं आणि टिकतंही, म्हणून हा जोडपंप काही रुग्णांना डॉक्टर दोन्ही कामांसाठी देतात.

दोन कामांची गल्लत जिवावर बेतू शकते. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची देशव्यापी तपासणी झाली आणि तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. १९५ मृत्यू एकेक करून तपासले होते. तात्पुरता आराम देणारा पंप वापरणाऱ्यांपैकी १६५ जणांच्या चिठ्ठ्यांचा हिशेब मिळाला. त्यातल्या ६५ जणांना आदल्या वर्षभरात तसे बारापेक्षा जास्त पंप लिहून दिले गेले होते. म्हणजे ही माणसं महिन्याला एकाहून जास्त पंप संपवत होती, आतली सूज तशीच राहत होती, आणि हे कोणाच्या नजरेत भरलं नाही. औषधांचे गट पाडून मोजण्याचा खरा उपयोग इथे आहे. ‘एसी’चा खप वाढतोय आणि ‘बीए’ व ‘एके’चा नाही, एवढं एखाद्या भागाच्या आकड्यांत दिसलं तरी कुठे काय चुकतंय ते कळतं. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘जिना’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ पासून मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना फक्त साल्ब्युटामॉलसारख्या पंपावर ठेवू नका, सोबत स्टेरॉइडचा पंप हवाच, अशी शिफारस केली आहे.

तेव्हा सासूबाईंचे दोन्ही पंप आज हातात घ्या. ठळक ब्रँडच्या नावाखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. रंगावर विसंबू नका, सगळ्या कंपन्या एकच रंग पाळत नाहीत. कोणता रोजचा आणि कोणता धाप लागल्यावरचा, ते डॉक्टरांना विचारून मोठ्या अक्षरांत पंपावर चिकटवा. ‘लगेच’चा पंप पूर्वीपेक्षा लवकर संपू लागला असेल तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. स्टेरॉइडचा पंप घेतला की खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

रात्रीची गोळी मॉन्टेलुकास्टची असेल तर ती ‘आर ०३ डीसी’मध्ये मोडते. आपल्याकडे ती बहुधा लिव्होसेट्रिझिनसोबत एकाच गोळीत मिळते, आणि लिव्होसेट्रिझिन ‘आर ०६’मधलं. या गोळीला सरसकट ‘सर्दीची गोळी’ म्हणून मागवून घेण्याची पद्धत पडली आहे, ती मला काळजीची वाटते. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. सासूबाईंच्या स्वभावात असा बदल दिसला तर तो वयाच्या माथी मारू नका, डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: माझ्या नाकाच्या फवाऱ्यावर आणि वडिलांच्या दम्याच्या पंपावर एकच नाव आहे, बुडेसोनाइड. एक संपलं तर दुसरं चालेल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नाही. नाकातलं बुडेसोनाइड ‘आर ०१ एडी ०५’, छातीतलं ‘आर ०३ बीए ०२’. आतड्याच्या सुजेवर हेच औषध देतात तेव्हा ते ‘ए ०७’मध्ये आणि त्वचेवर लावतात तेव्हा ‘डी ०७’मध्ये जातं. औषध एक असलं तरी कणांचा आकार, मात्रा आणि पोचवण्याचं साधन वेगळं. नाकाच्या फवाऱ्याचे थेंब मोठे असतात, ते नाकातच अडकतात. छातीत उतरतच नाहीत.

जाता जाता नाकाच्याच घरातली एक गोष्ट. नाक चोंदल्यावर घालतात ते झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब याच ‘आर ०१’मध्ये, पण ‘एए’ या वेगळ्या उपगटात आहेत. ते पाच-सात दिवसांच्या पुढे चालू ठेवले तर थेंबांचा असर उतरल्यावर नाक आणखी घट्ट बंद होतं, मग पुन्हा थेंब, असं चक्र सुरू होतं. स्टेरॉइडचा फवारा डॉक्टर महिनोन्‌महिने घ्यायला सांगतात तो वेगळा. दोघांचा हिशेब एक करू नये.

प्रश्न: अंगाला खाज सुटते म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी सेट्रिझिन दिली. ती ‘श्वसनसंस्थे’त कशी?
— एक वाचक, नांदेड

उत्तर: हा त्या यादीचा कच्चा दुवा आहे, असं माझं मत. अँटिहिस्टामिन औषधं शिंका, नाक गळणं, डोळ्यांची जळजळ, पित्ताच्या गांधी, खाज या सगळ्यांवर चालतात. पण औषध घेण्याच्या एका मार्गासाठी सहसा एकच जागा द्यायची म्हणून पोटात घ्यायच्या अँटिहिस्टामिनना ‘आर ०६’ मिळालं. सेट्रिझिन तिथे ‘एई ०७’ आहे. गंमत म्हणजे खाजेसाठीच सर्रास दिली जाणारी हायड्रॉक्सिझिन त्या घरात नाही. ती ‘एन ०५ बी’मध्ये, चिंता कमी करणाऱ्या औषधांच्या रांगेत आहे. म्हणून एखाद्याच्या कागदावर ‘एन’चा क्रमांक पाहून त्याला मानसिक आजार आहे किंवा ‘आर’ पाहून दमा आहे, असा तर्क कोणी करू नये. विम्याच्या कागदपत्रांत तर मुळीच नाही.

प्रश्न: आजी अडुळशाचा काढा द्यायची. त्याला या यादीत क्रमांक आहे का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर: काढ्याला नाही, पण त्याच्या वंशजांना आहे. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रचनेवर काम करून जर्मनीत ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि १९६० च्या दशकात बाजारात आलं. ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्यापासून जे बनतं ते ॲम्ब्रॉक्सॉल. पुढे तेही स्वतंत्र औषध म्हणून विकलं जाऊ लागलं. दोन्ही ‘आर ०५ सीबी’मध्ये, कफ पातळ करणाऱ्यांत आहेत. मेडिकलमधून आणलेल्या कफाच्या बाटलीवर यांतलं एखादं नाव तुम्हाला हमखास सापडेल. वनौषधींसाठी स्वीडनमधल्या उप्साला इथल्या केंद्राने याच धर्तीवर एक वेगळी यादी केली आहे.

धोत्र्याचंही असंच. दम्यावर धोत्र्याचा धूर घेण्याची रीत भारतातून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये गेली. त्यातल्या ॲट्रोपिनवरून पुढे इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम आली, जी आज ‘आर ०३ बीबी’मध्ये आहेत आणि सीओपीडीच्या रुग्णांचा मोठा आधार आहेत. पण म्हणून घरी धोत्रा वापरून पाहू नका. पानापानात विषाचं प्रमाण बदलतं आणि भ्रम, झटके, मृत्यूपर्यंत पाळी येते.

प्रश्न: खोकल्याच्या काही बाटल्यांवर लाल रेघ असते, काहींवर लाल चौकट. हेच ते गट का? आणि लहान मुलांना यांतलं काय चालतं?
— एक वाचक, परभणी

उत्तर: नाही, हे गट आपल्या कायद्याचे आहेत आणि त्यांचा हेतू निराळा आहे. ऑस्लोची यादी औषध कशाचं आहे ते सांगते. आपली शेड्यूलं ते विकायचं कसं ते सांगतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि कोडीन, दोन्ही कोरडा खोकला दाबणारी. ऑस्लोत दोन्ही ‘आर ०५ डीए’मध्ये, अफूतल्या द्रव्यांच्या आणि त्यांच्या भाईबंदांच्या घरात शेजारी शेजारी. कोडीनची सवय लागते, म्हणून ते आपल्याकडे ‘एच १’ या कडक शेड्यूलमध्ये आहे.

कफाच्या बाटल्यांबद्दल माझी तक्रार अशी की एकाच बाटलीत खोकला दाबणारं आणि कफ सुटा करून बाहेर काढणारं, अशी दोन उलट दिशांची औषधं एकत्र घातलेली सापडतात. यादीत ‘आर ०५ एफ’ हे त्यांचं स्वतंत्र घर आहे. पण यादीत घर मिळालं म्हणजे औषध गुणकारी आहे असं प्रमाणपत्र मिळालं, असं होत नाही. ऑस्लोचं केंद्र स्वतःच हे बजावून सांगतं.

मुलांबाबत सरळ सांगते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. सप्टेंबर २०२५ पासून मध्य प्रदेशात छिंदवाड्याला दूषित सिरपने मुलं दगावू लागली, त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत, असं कळवलं. त्या बाटल्यांत डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं होतं. असलं विष कोणत्याही वर्गीकरणात दिसत नाही. ते फक्त प्रयोगशाळेतल्या तपासणीत सापडतं. म्हणून बिल घ्या, बॅच क्रमांक असलेली बाटली औषध संपेपर्यंत टाकू नका, आणि मूल सुस्त झालं किंवा त्याची लघवी कमी झाली तर बाटलीसकट दवाखाना गाठा.

लाल उभी रेघ म्हणजे शेड्यूल एच: डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विक्री. लाल चौकट म्हणजे एच १: दुकानदाराने डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. चिठ्ठी मागितली म्हणून मेडिकलवाल्याशी हुज्जत घालू नका. न मागता अशी बाटली कोणी हातात ठेवली, तर अन्न व औषध प्रशासनाच्या तुमच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात तक्रार करता येते.